चांगला कॉल म्हणजे कोणता? टर्कीची शिकार, टाळूवरची पिपाणी आणि 'चांगलं' हा शब्द



गेल्या दोन व्याख्यानांत आपण 'चांगलं' हा एकच शब्द घेऊन बसलो आहोत. चांगला माणूस, चांगलं कर्म, चांगलं आयुष्य असे मोठमोठे विषय झाले. आज एक छोटी वस्तू घेऊ. अगदी छोटी, तोंडात मावेल एवढी.

झालं असं, की अमेरिकेत मिझुरी राज्यात राहणाऱ्या आपल्या एका श्रोत्यांनी पत्र पाठवलं. ते लिहितात, ''सर, एप्रिलमध्ये ऑफिसमधले मित्र मला टर्कीच्या शिकारीला नेणार आहेत. परवाना काढला, सुरक्षिततेचा वर्गही केला. आता माउथ कॉल घ्यायला दुकानात गेलो तर भिंतभर पाकिटं टांगलेली. प्रत्येकावर लिहिलंय, हाच सगळ्यात चांगला. तुम्ही 'चांगलं' शिकवता. मग सांगा, यातला चांगला कोणता?'' (हशा)

हसू नका, प्रश्न नेमका आहे. मी स्वतः शिकारी नाही, बंदूक कधी हातात धरलेली नाही. पण गेले काही आठवडे मी या विषयावर वाचलं, तिकडच्या जाणत्यांची सांगणी ऐकली. त्या गृहस्थांनी एक नमुनाही पाठवला. तो मी तोंडात घालून पाहिला. मला वरची कवळी असल्यामुळे काय झालं ते पुढे सांगतो.

'चांगला' हे विशेषण एकटं उभं राहत नाही

पीटर गीच नावाचे इंग्रज तत्त्वज्ञ होते. त्यांनी 1956 मध्ये एक छोटा निबंध लिहिला. त्यातला मुद्दा मी आपल्या घरातल्या उदाहरणाने सांगतो. 'तांबडी सुरी' म्हटलं तर त्याचे दोन तुकडे करता येतात. ती वस्तू तांबडी आहे, आणि ती सुरी आहे. 'चांगली सुरी' याचे तसे तुकडे होत नाहीत. सुरी म्हणून ती चांगली आहे, म्हणजे तिला धार आहे. तोच गुण उशीला लावून पाहा. टोचणारी उशी कुणी चांगली म्हणेल का? म्हणजे 'चांगला' या शब्दाचा अर्थ पुढच्या नामाकडून येतो. ती वस्तू कशासाठी आहे हे कळल्याशिवाय ती चांगली आहे की नाही हे ठरत नाही.

तेव्हा चांगला माउथ कॉल कोणता, हे विचारण्याआधी माउथ कॉल कशासाठी आहे, ते पाहू. आणि त्याच्याही आधी, टर्की म्हणजे काय, ते पाहू. कारण आपल्यापैकी बहुतेकांनी हा पक्षी चित्रातच पाहिलेला आहे.

पक्षी आणि त्याची रीत

टर्की मूळचा अमेरिका खंडातला. आपल्याकडे तो फार पूर्वी येऊन गेला, तोही गोव्यामार्गे. बादशहा जहांगीराने 1612 च्या सुमारास मुकर्रब खानाला गोव्याला पाठवलं होतं. त्याने पोर्तुगीजांकडून ज्या नवलाईच्या वस्तू आणल्या त्यांत टर्कीचा नर होता. त्याच्या डोक्याचा रंग सरड्यासारखा पालटतो, याचं बादशहाला फार कौतुक वाटलं. उस्ताद मन्सूरने काढलेलं त्याचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

तो पाळीव पक्षी. जंगली टर्की ही वेगळीच चीज आहे. शरीराने मोठा, पण उडतो, रात्री झाडावर बसतो, आणि डोळा विलक्षण तीक्ष्ण. बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो बऱ्याच राज्यांतून नाहीसा झाला होता. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडून पाहिले, ते जंगलात टिकले नाहीत. मग रानातलेच पक्षी जाळ्यात पकडून दुसऱ्या रानात नेऊन सोडले, तेव्हा संख्या वाढू लागली. 1973 मध्ये 'नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशन' स्थापन झाली त्या वेळी सुमारे 13 लाख पक्षी होते. पुढे ती संख्या साठ लाखांच्या वर गेली. अलीकडे दक्षिणेकडच्या काही राज्यांत ती पुन्हा घटते आहे, आणि त्याची काळजी शिकाऱ्यांनाही आहे.

आता शिकारीची रीत. मुख्य हंगाम वसंतातला, पक्ष्यांच्या विणीच्या काळातला. पहाटे नर झाडावरून घुमतो. त्या आवाजाला तिकडे गॉबल म्हणतात, आणि म्हणून नराला गॉबलर. खाली उतरला की पिसारा फुलवून, पंख जमिनीला घासत मिरवतो. बहुतेक राज्यांत वसंतात नरच मारायला, किंवा छातीवर केसांसारखा झुपका असलेला पक्षीच मारायला परवानगी असते. शिकारी झाडाला पाठ टेकून, अंगावर रानाच्या रंगाचे कपडे घालून, मुळीच न हलता बसतो आणि मादीचा आवाज काढतो. नर तो आवाज ऐकून साधारण तीस-चाळीस यार्डांच्या आत यावा, ही अपेक्षा. तिथून छर्ऱ्याच्या बंदुकीने डोक्यामानेवर एकच बार, म्हणजे पक्षी जागीच संपतो. लांबून बार काढला तर तो जखमी होऊन जातो आणि कुठेतरी झुडपात मरतो.

यात एक मोठी गंमत आहे. निसर्गात प्रकार उलटा असतो. नर घुमतो आणि मादी त्याच्याकडे चालत जाते. शिकारी मादीचा आवाज काढून म्हणतो, 'मी येत नाही, तूच ये.' नराच्या दृष्टीने हे रीतीला सोडून आहे. म्हणून तो पुष्कळदा शंभर पावलांवर थांबतो, घुमतो, वाट पाहतो आणि निघून जातो. आपण मोठ्याने, सारखं सारखं बोलावत राहिलो तर तो जागीच मिरवत राहतो, कारण इतकी उतावीळ मादी येईलच, असा त्याचा हिशेब. शिकाऱ्याची सगळी कला या उलट्या निमंत्रणात आहे.

ही वस्तू काय आहे

मादीचा आवाज काढायची साधनं बरीच आहेत. सगळ्यात जुनं म्हणजे टर्कीच्याच पंखातली पोकळ हाडं एकात एक बसवून केलेली नळी. तिच्यातून फुंकत नाहीत, हवा ओढतात. मग लाकडी पेटी, जिच्या झाकणाचा दांडा कडेवर घासला की आवाज निघतो. अशा पेटीचं पेटंट आर्कान्सा राज्यातल्या डार्डनेल गावच्या गिब्सन यांनी 1897 मध्ये घेतलं. मग पाटीच्या दगडाची किंवा काचेची चकती, तिच्यावर लाकडी काडी घासायची. या सगळ्यांना हात लागतात.

माउथ कॉलला हात लागत नाहीत. सगळं महत्त्व यातच आहे. शेवटच्या चाळीस यार्डांत पक्षी समोर असतो, दोन्ही हात बंदुकीवर असतात, आणि बोट हललं तरी त्याला दिसतं. तेव्हा उरतं ते फक्त तोंड.

याची रचना सोपी आहे. घोड्याच्या नालेसारखी पातळ चौकट, बहुधा ॲल्युमिनियमची. तिच्यात ताणून बसवलेला लॅटेक्सचा पातळ पडदा, एक ते चार थरांचा. त्याला रीड म्हणतात. भोवती चिकटपट्टीचा अर्धगोल पदर. नालेची उघडी बाजू ओठांकडे करून ही वस्तू टाळूला चिकटवायची, जिभेने खालून दाबायची, आणि जीभ व रीड यांच्या फटीतून हवा सोडायची. लहानपणी आपण गवताचं पातं दोन अंगठ्यांत धरून वाजवायचो ना? तत्त्व तेच. इथे अंगठ्यांच्या जागी जीभ आणि टाळू.

निवड: आधी तोंड पाहा, मग पाकीट

आता मिझुरीच्या मित्रांसाठी सरळ उत्तर.

पहिली गोष्ट, माप. सगळ्यांचे टाळू सारखे नसतात. कुणाचा अरुंद आणि खोल, कुणाचा रुंद आणि सपाट. कॉल टाळूला असा बसला पाहिजे, की कडेने हवा निसटणार नाही. हवा वरून निसटली की फुसफुस होते आणि आवाज फुटत नाही. नेहमीची चौकट मोठी वाटली, मळमळलं, तर लहान चौकटीचे कॉल मिळतात. ते मुलांसाठी म्हणून विकतात, पण अरुंद टाळूच्या मोठ्या माणसांनीही खुशाल घ्यावेत. पदर जास्त असेल तर कात्रीने थोडाथोडा कापता येतो. एकदम कापू नका, कापलेला परत लावता येत नाही. चौकट मधोमध हलकेच वाकवून टाळूच्या कमानीला जुळवता येते. माझ्या कवळीचं म्हणाल, तर कवळीच्या गुळगुळीत टाळूवर कॉल बसेना, आणि जोर लावला तर कॉलबरोबर कवळीही मिझुरीच्या दिशेने निघाली. (हशा) कवळी असूनही वाजवणारे लोक आहेत, पण त्यांना वेगळी मेहनत घ्यावी लागते. आणि ज्यांना लॅटेक्सची ॲलर्जी आहे त्यांनी या वाटेला जाऊच नये. पाटी किंवा पेटी घ्यावी.

दुसरी गोष्ट, रीड किती. एक रीड म्हणजे आवाज पातळ, स्वच्छ, उंच. हवा कमी लागते. थर वाढतात तसा आवाज जाड आणि खरखरीत होतो, आणि हवाही जास्त लागते, जीभही जास्त दाबावी लागते. नवशिक्याला वाटतं, चार थर म्हणजे चारपट चांगला. तसं नाही. सुरुवात एका किंवा दोन रीडवर करावी. तंबोरा लावायला येत नसताना कुणी सतार घेऊन बसत नाही.

तिसरी गोष्ट, रीडला दिलेला काप. मादीच्या आवाजात एक खरखर असते. ती यावी म्हणून वरच्या रीडला वेगवेगळे छेद देतात. मधोमध इंग्रजी व्ही अक्षराचा, वटवाघळाच्या पंखासारखा, कडेला एक चीर, असे अनेक. इथे एक बारीक गोष्ट आहे, जी पाकिटावर क्वचितच लिहिलेली असते. काही माणसं हवा जिभेच्या मधून सोडतात, काही डावीकडून, काही उजवीकडून. हे आपोआप होतं, ठरवून नाही. ज्याची हवा डावीकडून जाते त्याने उजव्या बाजूला काप असलेला कॉल घेतला तर तो म्हणेल, कॉल खराब आहे. कॉल खराब नसतो, जोडी चुकलेली असते. आरशासमोर हळूच फुंकून आपली हवा कुठून जाते ते बघा, आणि मग काप निवडा. बिनकापाचा किंवा मधल्या कापाचा कॉल सगळ्यांना सोसतो.

चौथी गोष्ट, काळजी. लॅटेक्सला ऊन आणि उष्णता सोसत नाही. गाडीच्या काचेखाली ठेवलेला कॉल महिन्यात संपतो. वापरून झाला की धुवायचा, रीड एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये चपटी काडी घालायची, वाळवून डबीत ठेवायचा, हंगाम संपला की फ्रिजमध्ये. तरीही तो टिकाऊ नाही. रीड सैल पडले, कडा लहरी झाल्या की नवा घ्यायचा. वस्तू महाग नाही, म्हणून सुरुवातीला तीन वेगवेगळे घ्या आणि महिनाभर घरी वाजवून दोन बाजूला काढा.

वाजवायचा कसा

मराठी माणसाला इथे एक सोय आहे. जिभेची जागा बदलली की ध्वनी बदलतो, हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं आहे. 'चार' म्हणा, आणि लगेच गुरांचा 'चारा' म्हणा. अक्षर एकच, पण पहिल्यात जीभ टाळूला पसरून लागते आणि दुसऱ्यात दातांच्या मुळाशी येते. लिहिताना आपण फरक करत नाही, जीभ मात्र बरोबर करते. माउथ कॉलमध्ये हेच करायचं आहे. दाब वाढवला की सूर उंच, दाब सैल केला आणि जबडा खाली सोडला की सूर खाली येऊन खरखरतो.

मादीची मुख्य हाक म्हणजे येल्प. तिचे दोन भाग असतात. आधी उंच स्वच्छ स्वर, आणि तो मोडून खालचा जाडसर स्वर. 'क्यॉक' असं काहीतरी. अशा चार-सहा-आठ हाका एका लयीत. त्याशिवाय क्लक म्हणजे तुटक एकेरी टक्, आणि पर्र म्हणजे निवांतपणे चरताना काढलेली गुरगुर. शरद ऋतूतल्या शिकारीत थवा पांगला की पिल्लं एकमेकांना शोधताना शिट्टीसारखी 'की-की' करतात. ती माउथ कॉलवर फार छान निघते. हवा गालांतून फुंकायची नाही, पोटातून यायला हवी. काच पुसण्याआधी आपण तिच्यावर 'हाः' करून वाफ सोडतो, तशी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, लय. जाणते शिकारी एकमुखाने सांगतात, सूर थोडा इकडेतिकडे झाला तरी चालतं, लय चुकली तर पक्षी थबकतो. रानातल्या खऱ्या माद्यांतही काही इतक्या बेसूर असतात, की त्यांनी स्पर्धेत भाग घेतला तर पहिल्याच फेरीत बाद होतील. म्हणजे बेसूर चालेल, बेताल चालणार नाही.

परीक्षक कोण

स्पर्धा म्हटलं, तर त्या खरोखर होतात. टर्की फेडरेशनच्या नॅशविल इथल्या वार्षिक संमेलनात मोठी राष्ट्रीय स्पर्धा असते. परीक्षकांना वाजवणारा दिसत नाही, फक्त आवाज ऐकू येतो. न्याय्य व्यवस्था आहे. पण आपला प्रश्न असा, की माणसाच्या कानाला जो आवाज हुबेहूब वाटतो, तोच पक्ष्यालाही तसा वाटेल कशावरून?

प्लेटोने 'रिपब्लिक'च्या दहाव्या प्रकरणात एक विचार मांडला आहे. वाद्य बनवणारा एक आणि वाजवणारा दुसरा. वाद्य चांगलं की वाईट, हे बनवणाऱ्याला वाजवणाऱ्याकडून समजून घ्यावं लागतं, कारण वापराचं ज्ञान त्याच्याकडे असतं. भाषांतरांत तिथे बासरी असते, पण मूळ ग्रीक वाद्य रीडचं आहे, आपल्या सनईच्या जवळचं. म्हणजे आजच्या विषयाला अगदी लागू. ॲरिस्टॉटलही 'पॉलिटिक्स'मध्ये म्हणतो, की मेजवानी कशी झाली हे आचाऱ्यापेक्षा पाहुणा चांगलं सांगेल.

माउथ कॉलच्या बाबतीत मात्र दोन पायऱ्या पुरत नाहीत. बनवणारा आहे, वाजवणारा आहे, आणि तिसरा ऐकणारा आहे. तो पाहुणा आहे खरा, पण त्याचा अभिप्राय विचारता येत नाही. तो येतो किंवा येत नाही.

मग न्यायदर्शनाकडे वळू. ज्ञान खरं की खोटं कशावरून ठरवायचं, याला वात्स्यायनांचं उत्तर आहे प्रवृत्तिसामर्थ्य. दूर पाणी दिसलं. पाणी आहे हे खरं कशावरून? तिथे जा, प्या, तहान भागली तर खरं. तसं कॉल वाजवा, नर आला तर कॉल चांगला. सोपं वाटतं. पण त्याच परंपरेने आपल्याला काकतालीय न्यायही शिकवला आहे. कावळा बसायला आणि ताडाचं फळ पडायला एक गाठ पडली, म्हणून कावळ्याने फळ पाडलं असं होत नाही. तुम्ही कॉल वाजवला आणि नर आला. तो त्याच वाटेने रोज येत असेल तर? आणि आला नाही, तर कॉल वाईट होता, की त्याच्याभोवती आधीच चार माद्या होत्या, की तुमचा गुडघा हलला? एक सकाळ, एक पक्षी, यावरून काहीच सिद्ध होत नाही. 'या कॉलने मागच्या वर्षी मोठा गॉबलर मारला' हे वाक्य जाहिरातीत ठीक, तर्कशास्त्रात त्याला फारसं वजन नाही.

ऐकणारा म्हणजे नुसता कानही नव्हे. मारीचाची गोष्ट आठवा. सोन्याच्या हरणाच्या रूपातला मारीच मरताना रामाच्या आवाजात ओरडला. नक्कल उत्तमच होती. सीतेने ऐकली आणि ती घाबरली. लक्ष्मणाने तोच आवाज ऐकला आणि तो म्हणाला, हा रामाचा आवाज असणं शक्य नाही. आवाजात दोष नव्हता. राम अशा वेळी असं ओरडणार नाही, हे लक्ष्मणाला माहीत होतं. म्हाताऱ्या गॉबलरचं असंच असतं. आवाज मादीचा आहे हे त्याला पटतं, पण मादी अशा वेळी, अशा जागी, इतका वेळ असं बोलत नाही, हेही त्याला कळतं. फ्लोरिडात जो हटो नावाच्या माणसाने जंगली टर्कीची अंडी उबवून पिल्लांबरोबर दीड-दोन वर्षं काढली. 1995 मध्ये त्यांचं पुस्तक आलं, 2011 मध्ये त्यावर चित्रपट झाला. वेगवेगळ्या प्राण्यांसाठी, वेगवेगळ्या प्रसंगांसाठी या पक्ष्यांचे वेगवेगळे आवाज आहेत, असं त्यांनी नोंदवलं. आपण त्या भाषेतले दोन-तीन शब्द चोरून बोलतो आहोत, इतकंच.

तेव्हा परीक्षक बोलत नाही आणि एका सकाळीवरून अनुमान काढता येत नाही. मग दुकानात उभं राहून ठरवायचं कशावर? माझं उत्तर असं. जे तुमच्या हातात आहे त्यावर ठरवा. जो कॉल तुमच्या टाळूला नीट बसतो, जो दहा वेळा वाजवला तर दहाही वेळा तीच हाक देतो, आणि जो अगदी हळूही वाजतो, तो तुमच्यासाठी चांगला. मोठा आवाज कुठल्याही कॉलमधून निघतो. पक्षी तीस यार्डांवर असताना ओठ न हलवता एकच मऊ क्लक काढता येणं, ही खरी कसोटी. आणि तो टाळूवर असताना गप्प बसता येणं. नुसतं गप्प बसल्यामुळे पुष्कळ गॉबलर शोधत आले आहेत, असं सगळे जुने शिकारी सांगतात.

दुसरा ऐकणारा

एक गोष्ट उरली आणि ती सगळ्यात गंभीर आहे. रानात तुमची हाक फक्त टर्की ऐकत नाही.

दशरथाला शब्दवेधी विद्या येत होती. रात्री नदीकाठी घागर भरल्याचा आवाज आला. त्याला वाटलं, हत्ती पाणी पितोय. बाण सोडला आणि तो श्रावणबाळाला लागला. टर्कीच्या शिकारीत होणारे अपघात पुष्कळदा याच जातीचे असतात. एक माणूस झाडाआड बसून उत्तम आवाज काढतो, दुसरा त्या आवाजाचा माग काढत येतो आणि हललेल्या पानांवर गोळी झाडतो. म्हणजे कॉल जितका चांगला, तितका धोका जास्त. तिथल्या सुरक्षिततेच्या वर्गात म्हणूनच काही नियम घोकून घेतात. आवाजाच्या दिशेने कधीही सरपटत जाऊ नका. खांद्यांपेक्षा रुंद झाडाला पाठ टेका. लाल, पांढरा, निळा हे रंग अंगावर नकोत, कारण नराच्या डोक्याचे तेच रंग. दुसरा शिकारी दिसला तर हात हलवू नका, कॉलही वाजवू नका, माणसाच्या आवाजात मोठ्याने बोला. सार्वजनिक रानात नराचा गॉबल काढू नका. आणि पूर्ण पक्षी, त्याची छाती, त्याच्यामागे काय आहे, हे सगळं डोळ्यांनी दिसेपर्यंत बोट चापावर जाता कामा नये. शब्दाने फक्त शंका घ्यायची. निर्णय प्रत्यक्षाने.

मिझुरीच्या मित्रांनो, तुमच्या यादीत कॉलच्या आधी हे लिहा.

प्रश्नोत्तरे

प्रश्न: सर, विणीच्या काळात मादीच्या आवाजाने फसवून मारायचं, हे नीतीत कसं बसतं?

उत्तर: बसतं असं मी म्हटलेलं नाही. फसवणूक आहे, तिला दुसरं नाव देऊ नये. जे अहिंसेचं व्रत मानतात त्यांच्यासाठी प्रश्न तिथेच संपतो, आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे. जे शिकार करतात त्यांच्यात मर्यादेचा विचार आहे की नाही, एवढं आपण पाहू शकतो. स्पॅनिश तत्त्वज्ञ ऑर्तेगा इ गासेत यांनी 1942 मध्ये एका शिकारविषयक पुस्तकाला लांबलचक प्रस्तावना लिहिली. त्यांचं म्हणणं, प्राण्याला निसटायची संधी ठेवण्यासाठी माणूस आपली ताकद मुद्दाम आवरतो, तेव्हाच तिला शिकार म्हणावं. नाहीतर ती नुसती कत्तल. अमेरिकेत बहुतेक राज्यांत टर्कीसाठी रेकॉर्ड केलेला आवाज यंत्रावर वाजवायला बंदी आहे. स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या श्वासाने बोलवा, असा त्याचा अर्थ. यंत्र चुकत नाही. माणसाच्या तोंडाला चुकायची सोय आहे आणि त्या चुकीतून पक्षी वाचतो. याशिवाय 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीव संवर्धनाला जातो, हेही हिशेबात धरावं. पण त्यामुळे मूळ प्रश्न मिटतो असं मला वाटत नाही. तो ज्याचा त्याने झाडाला पाठ टेकून बसल्यावर सोडवायचा आहे.

प्रश्न: आपल्याकडे असं काही होतं का?

उत्तर: होतं. फासेपारधी समाजाचं तित्तिर पकडण्याचं कसब प्रसिद्ध आहे. पाळलेला तित्तिर साद घालतो, भोवती फासे लावलेले असतात, आणि पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढणारी माणसं त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या होत आली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशी शिकार बंद झाली. पक्ष्यांच्या दृष्टीने ते आवश्यकच होतं. पण त्या कायद्याने ज्यांचा धंदा गेला, त्यांच्या अंगी असलेल्या रानाच्या ज्ञानाचं आपण काय केलं, हा वेगळा आणि अवघड प्रश्न आहे. त्यावर एक स्वतंत्र व्याख्यान ठेवू.

प्रश्न: मग शेवटी पहिला कॉल कोणता घ्यायचा? एका वाक्यात सांगा.

उत्तर: दोन रीड, बिनकाप किंवा मधला छोटा काप, तुमच्या टाळूच्या मापाचा. आणि सराव गाडीत करा. घरात केलात तर पहिला बार घरचेच काढतील. (हशा)